कबुलीचे गुण

संचिता खरमाटे नापास होणार होती, आणि कारण काय, तर तिला पहिल्या दिवसापासून काम येत होतं!

हसू नका. उपळेकर मॅडमच्या केबिनमध्ये हे ऐकलं तेव्हा तिलाही आधी हसूच आलं होतं. मग मॅडमनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

"ही तुझी चार वर्षांची रेघ."

रेघ सपाट होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठं खाली नाही, कुठं वर नाही. शेवटी लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'व्यावसायिक वाढ: नगण्य'.

"पण मॅडम, ती वरच आहे की! पार वरच्या टोकाला आहे."

"आहे ना. वर्गात सगळ्यांत वर आहे, मी कुठं नाही म्हणते? पण 'वाटचाल' उंची मोजत नाही, संचिता. चढ मोजते. तू जिथं होतीस तिथंच आहेस."

"म्हणजे पहिल्या वर्षी मी पेशंट पाडायला हवे होते?"

"आवाज खाली ठेव," मॅडम म्हणाल्या. "पट्टा आहे हातावर."

संचितानं मनगटाकडे पाहिलं. पट्ट्यावरचा हिरवा ठिपका तिचा राग निवांत ऐकत होता. तो उपटून खिडकीबाहेर फेकावा असं तिला त्याच क्षणी वाटलं. फेकला असता तर बरं झालं असतं.

ज्यांच्या घरातलं कुणी अजून कॉलेजात गेलेलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. पूर्वी विद्यार्थी आपल्या कामाची फाइल करायचे. मग ती फाइल संगणकावर गेली. फोटो, प्रमाणपत्रं आणि 'मी काय शिकले' असे दोन परिच्छेद. हे दोन परिच्छेद सगळा वर्ग एकमेकांचे उतरवून काढायचा, आणि कंपन्या म्हणायच्या, पदवी दिसते, पण पोरांना काम येतं का? तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की फाइलनं स्वतःच स्वतःला भरावं. म्हणून हा पट्टा, आणि त्या फाइलचं नाव 'वाटचाल'.

आपण बोट हलवतो त्याच्या किंचित आधी हाताच्या स्नायूंतून बारीकशी वीज जाते. पट्टा ती वाचतो. हजारो अनुभवी नर्सेसच्या हातांतली ही वीज आधीच नोंदवलेली आहे. सुई टोचताना, जखम बांधताना, पेशंटला कुशीवर वळवताना तुमचा हात त्यांच्या हाताच्या किती जवळ गेला, हे यंत्र ताडून बघतं. सोबत तुमचा आवाज आणि नाडी. ड्यूटी संपली की पट्ट्याशी थोडा वेळ बोलायचं, आज काय केलं, कुठं चुकलं, त्यातून काय शिकले. याला म्हणायचं 'मनोगत'. कॅमेरा मात्र नाही, पेशंटची अब्रू राहावी म्हणून. म्हणजे पट्ट्याला ऐकू येतं आणि हात कळतो, पण दिसत काहीच नाही.

आणि चढ कशासाठी? त्यामागचा विचार चांगला होता हो, हीच तर चीड आणणारी गोष्ट आहे. आधी यंत्र उंचीच मोजायचं. तेव्हा शहरातली, इंग्रजी शाळेतली, डॉक्टरांच्या घरातली पोरं वर बसायची आणि खेड्यातली खाली. मग समितीनं ठरवलं, की कोण कुठं पोचलं ते बघू नका, प्रत्येकजण आपल्या जागेवरून किती चालला ते बघा. पहिल्या वर्षी सभागृहात हे ऐकून संचितानं हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या. तीही खेड्यातलीच, तासगावच्या पलीकडची.

पण ती सातवीत असताना तिच्या आईला एका टेम्पोनं उडवलं. कंबरेखालचा भाग गेला. तेव्हापासून आईला कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, चादर बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ तेल लावणं हे सगळं संचिताच करायची. आई म्हणायची, "तुझा हात लागला की दुखत नाही बघ." कॉलेजच्या पहिल्या प्रात्यक्षिकात तिनं पुतळ्याला असं काही अलगद वळवलं, की मॅडमनीच सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. त्या टाळ्या वाजत असतानाच पट्ट्यानं तिची सुरुवात पार वर नोंदवून टाकली. आता इथून चढायचं कुठं?

बाकीच्यांना हे गणित कुणी शिकवलं? सीनियर्सनी. हॉस्टेलमध्ये त्याला 'खड्डा काढणं' म्हणत. पहिलं वर्ष खड्ड्यात काढायचं, म्हणजे पुढची तीन वर्षं नुसतं सपाटीवर आलं तरी डोंगर चढल्यासारखं दिसतं. हात मुद्दाम चुकवला तर पट्ट्याला कळायचं, कारण मनात बरोबर असलं की स्नायूही आधी बरोबरच हलू बघतात. म्हणून पोरं प्रात्यक्षिकाआधी पाण्यानं भरलेल्या बादल्या घेऊन जिने चढायची, मग हात खरोखरच थरथरायचे. सरकारनं यंत्रावर कोट्यवधी उधळले आणि पोरांनी ते बादलीनं हरवलं! संचिताला हे कळेपर्यंत दुसरं वर्ष उजाडलं होतं.

"तुझा आत्मपरीक्षणाचा भाग कोरा आहे," मॅडम केबिनमध्ये समजुतीनं सांगत होत्या. "चार वर्षांत एकही मोठी चूक नाही. चूक, तिची कबुली आणि त्यातून सुधारणा, एवढं एकदा दिसलं तरी रेघ हलते. अजून आठवडाभर वॉर्ड ड्यूटी आहे तुझी."

"मी चूक करू म्हणताय?"

"मी असं कसं म्हणेन?" मॅडमनी तिच्या पट्ट्याकडे बघत शब्द मोजून टाकले. "प्रवास दिसू दे, एवढंच."

वाढीचा शेरा नाही तर पदवी नाही, पदवी नाही तर नोंदणी नाही. सांगलीच्या एका दवाखान्यानं तिला निवडून ठेवलं होतं. घराजवळ राहता येईल, आईकडे बघता येईल म्हणून ती नोकरी तिनं जिवाच्या आकांतानं मिळवली होती. आणि ती आता एका चुकीवर अडली होती.

कॉलेजला जोडलेल्या मिरजेच्या रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डात खिडकीजवळ हेरवाडे अण्णा होते. मधुमेहानं पायाला जखम झालेली, ती भरता भरत नव्हती. अण्णांचा आयुष्यभराचा धंदा एकच, लग्नं जमवायची. गादीवर पडूनही तो चालू होता. नव्या सिस्टरला सलाइन लावायला उशीर होईल, पण अण्णांना तिचं गाव, शिक्षण, भाऊ किती हे आधी कळायचं.

"आलीस व्हय?" संचिता दिसली की ते म्हणायचे. "निमशिरगावचं एक पोरगं आहे बघ. बँकेत आहे. एकच दोष, मामाच्या सल्ल्याशिवाय शिंकत नाही."

"नको बाई अण्णा, मग मामाशीच संसार करावा लागेल."

"मग हा आपला कौस्तुभ?"

कौस्तुभ निर्मळे तिच्याच वर्गातला, तिच्याबरोबर त्याच वॉर्डात. तो लाजून औषधांच्या ट्रेमध्ये डोकं घालायचा. वॉर्डात त्याची ख्याती अशी, की बाटलीवरचं नाव तो तीनदा वाचतो, आणि चौथ्यांदा वाचता आलं नाही म्हणून हळहळतो. अण्णांची बायको, सुशीलाक्का, या दोघांच्या हातावर भडंग ठेवल्याशिवाय त्यांना जाऊ द्यायची नाही. "खाऊन घ्या रे, दिसभर पळताय," म्हणायची.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण ती आठवली की डोकं फिरतं. दंडावर चिकटवायचा, साखर उतरली की ठणाणा करणारा सेन्सर आता जुनी गोष्ट झाली. या रुग्णालयात तो होता, पण वरच्या मजल्यावर, खासगी खोल्यांत. जनरल वॉर्डात परवडत नाही म्हणे. शिकणाऱ्या पोरीच्या मनगटावर दिवसभर यंत्र, आणि ज्याच्या जिवाशी खेळ चालला आहे त्याचा दंड मोकळा!

जेवणाआधी अण्णांना दहा युनिट इन्सुलिन असायचं. वॉर्डाचा नियम चोख होता. एकानं इंजेक्शन भरायचं, दुसऱ्यानं आकडा तपासून टोचायचं. म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेत सापडते.

हात खोटं बोलू शकत नव्हता, पण आकडा बोलू शकत होता. संचितानं तीन दिवस स्वतःशी भांडून ठरवलं, दहाच्या जागी तीस भरायचे आणि कौस्तुभच्या हातात द्यायचे. तो बघणारच. तो म्हणणार, "अगं, हे काय?" मग ती कबुली देणार, दहा भरणार, संध्याकाळी मनोगतात दोन शब्द बोलणार, रेघ हलणार. अण्णांच्या अंगाला सुईसुद्धा लागायच्या आत सगळं संपणार. कौस्तुभला आधी सांगून ठेवायची सोय नव्हती. सांगितलं की समोरच्याचं आश्चर्य खोटं निघतं आणि पट्टा ते आवाजावरून पकडतो, हे हॉस्टेलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. आणि सांगायची गरजच काय? कौस्तुभ कधी बघितल्याशिवाय सोडतो का?

त्या दिवशी तिनं तीस भरले. हात जराही थरथरला नाही. ट्रे कौस्तुभच्या हातात दिला आणि ती अण्णांच्या पायाशी उभी राहिली, त्याचं "अगं" ऐकण्यासाठी.

तेवढ्यात समोरच्या कॉटवरचे म्हातारे आजोबा कठड्यावरून पाय टाकून उतरायला लागले. सलाइनची नळी ताणली गेली, स्टँड कलंडला. संचितानं विचार केला नाही. तिचे हात आधी धावले. तिनं आजोबांना कमरेत धरलं, हळूच मागं बसवलं, सुई निघालेली जागा दाबून धरली. "बसा बसा, मी आहे," असं त्यांना समजावत रक्त पुसलं. ती मागं वळली तेव्हा कौस्तुभ रिकामी सुई डब्यात टाकत होता.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"तपासलंस?"

"हो," तो म्हणाला.

संचिताच्या डोक्यात सरळ हिशेब आला. कौस्तुभनं आकडा पाहिला, जास्तीचं औषध मुकाट्यानं काढून टाकलं, दहा दिले आणि मैत्रीण म्हणून गप्प बसला. भला माणूस! तिला त्याचा रागच आला. एवढी जिवावर उदार होऊन केलेली चूक यानं गिळून टाकली, आता पुन्हा करावी लागणार. हो, तिच्या मनात हेच आलं. अण्णांचा विचार दुसरा आला.

पट्टा नसता तर तिनं सरळ विचारलं असतं, "कौस्तुभ, मी तीस भरले होते, तू किती दिलेस?" आठ-दहा शब्दांचा प्रश्न. पण हिरवा ठिपका ऐकत होता, आणि त्या प्रश्नानं तिची चूक मुद्दामची होती हे उघड झालं असतं. ती गप्प राहिली. मग तिला खालच्या मजल्यावर पहिल्या वर्षाच्या मुलींना पेशंट कसा वळवायचा ते दाखवायला पाठवलं.

अण्णांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि डोळे मिटले. "आज लवकर झोप लागली," असं अक्का शेजारच्या बाईला समाधानानं म्हणाली आणि पदरानं वारा घालत बसली. इन्सुलिन साखर खाली आणतं. जास्त गेलं तर साखर इतकी खाली जाते, की मेंदू उपाशी पडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं माणूस झोपलाय. अक्का वारा घालत राहिली.

संचिता परत आली तेव्हा अण्णांचा सदरा घामानं पिळून काढावा असा झाला होता आणि हातपाय झटके देत होते. अक्का डॉक्टरांना बोलवायला बाहेर धावली होती. तिला एका क्षणात सगळं कळलं. "तीस गेलंय!" ती वॉर्डभर ओरडली. "माझी चूक आहे, मी तीस भरले होते! ग्लुकोज आणा! कौस्तुभ, ग्लुकोज आण रे!" तिनं शीर शोधली, सुई घातली, ग्लुकोज सोडलं. डॉक्टर धावत आले. झटके थांबले.

अण्णा वाचले, म्हणजे श्वास वाचला. पण डोळे उघडले तेव्हा त्यांत कुणी नव्हतं. अक्कानं हाक मारली तर ते छताकडे बघत राहिले. बोलणं गेलं, गिळणं गेलं, नाकातून नळी आली. वॉर्डभर लग्नं जमवत फिरणारा तो आवाज पुन्हा कधी उमटला नाही.

ड्यूटी संपल्यावर, पट्टा उतरवून ठेवल्यावर, कौस्तुभ तिला मागच्या जिन्यात सापडला. त्यानंही पट्टा काढून खिशात कोंबला होता आणि तो भिंतीला टेकून रडत होता.

"मी बघितलंच नाही गं," तो म्हणाला. "मॅडमनी मलाही सांगितलं होतं, तुझ्या दक्षतेत प्रवास दिसत नाही. म्हणून ठरवलं, एकदा न बघता टोचायचं आणि रात्री मनोगतात कबूल करायचं. त्यासाठी मुद्दाम तुझं इंजेक्शन निवडलं. म्हटलं, संचिता कधी चुकते का?"

तिनंही त्याला म्हणूनच निवडलं होतं. वॉर्डातली दोन सगळ्यांत भरवशाची माणसं एकमेकांच्या भरवशावर चुकली होती, आणि मध्ये अण्णा होते.

त्या रात्री तिनं मनोगत नोंदवलं नाही. नोंदवायची गरजच पडली नाही. वॉर्डातला तिचा आक्रोश पट्ट्यानं ऐकला होता. सकाळी फोनवर नवी रेघ आली. मध्येच सरळ खाली कोसळलेली, आणि लगेच तिथून उभी चढलेली. खाली हिरव्या अक्षरांत होतं, 'चुकीची तत्काळ व निःसंकोच कबुली. दबावाखाली अचूक उपचार. व्यावसायिक वाढ: उल्लेखनीय. अभिनंदन!'

अभिनंदन! एक माणूस जिवंतपणी गेला आणि यंत्र हिला शाबासकी देत होतं! संचितानं फोन गादीवर आपटला आणि तशीच केबिन गाठली.

"मॅडम, अक्कांना काय सांगितलंत?"

"साखर अचानक उतरली, असं. ते काही खोटं नाही."

"उतरली? आपोआप उतरली? मी उतरवली ती! मला त्यांना सांगायचंय."

"अजिबात नाही." मॅडमचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "वाटचालीतली कबुली गोपनीय असते. त्या गोपनीयतेमुळेच तुम्ही मुलं मोकळेपणानं चुका मान्य करता. ती बाहेर गेली तर उद्या कुणी तोंड उघडणार नाही. आणि तू कबुली दिली आहेस, बाळ. तुझं काम झालं."

"कुणाला दिली?" संचिता किंचाळली. "मनगटाला दिली! ज्याचं वाटोळं झालं त्याला कोण देणार?"

मॅडमनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांचीही एक रेघ होती, किती विद्यार्थ्यांचा चढ दिसला याची, आणि त्यावर त्यांची बढती अडली होती. हे समजल्यावर संचिताचा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

रविवारी ती घरी गेली. कुणाला काही सांगितलं नाही. सवयीनं आईला कुशीवर वळवलं, पाठीला तेल लावलं. आई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "आज हात जड लागतोय गं तुझा. बरं नाही का?"

"बरं आहे," संचिता म्हणाली आणि हात थांबले. चार वर्षं पट्ट्याला जे कळलं नव्हतं ते आईच्या पाठीला कळलं. ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

सोमवारी दुसऱ्या कॉलेजांची माणसं 'वाटचाल' बघायला आली. सभागृह भरलं. मोठ्या पडद्यावर मॅडमनी एक रेघ दाखवली, नाव झाकून. आधी सपाट, मग दरी, मग उभा चढ. "ही विद्यार्थिनी आत्मपरीक्षणात कोरी होती," मॅडम सांगत होत्या. "एका प्रसंगानं तिच्यातली जबाबदार नर्स जागी केली. आज हिच्याकडे मी माझ्या घरचा पेशंट सोपवीन." टाळ्या झाल्या. शेजारी बसलेला कौस्तुभ मान खाली घालून नखं खात होता.

संचिता उठली. लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत बाहेर आली. डोकं नुसतं तापलं होतं. त्या दरीच्या तळाशी अण्णा होते, आणि लोक टाळ्या वाजवत होते! तिला वाटलं, पडदा फाडावा, माइक हिसकावून सगळं सांगावं. पण तिथं सांगितलं असतं तर यंत्रानं त्याचंही काहीतरी केलं असतं. नेतृत्व, नाहीतर धाडस. त्या पट्ट्याला काहीही दिलं तरी तो त्याची शाबासकी करून परत देत होता.

ती वॉर्डाच्या दाराशी थांबली आणि तिनं पट्टा सोडला. ड्यूटीच्या वेळेत पट्टा काढला की नोंद तुटते, आणि शेवटच्या आठवड्यात तुटलेली नोंद म्हणजे वाढीचा शेरा रद्द. हे तिला पाठ होतं. पट्टा दोनदा गुरगुरला, ठिपका लाल झाला. तिनं तो दाराबाहेरच्या बाकड्यावर ठेवला आणि आत गेली.

अक्का नळीतून पेज सोडत होती. संचिता दिसली तसा तिचा चेहरा उजळला. "आलीस व्हय? ये. पिशवीत भडंग आहे बघ, खाऊन घे. त्या दिवशी तू होतीस म्हणून हे एवढं तरी राहिलं. डॉक्टर म्हणालेत मला, पोरीनं शीर शोधली म्हणून वाचले. आई-बापाचं नाव काढलंस गं."

"अक्का, तसं बोलू नका," संचिता खाली फरशीवर बसली. "साखर आपोआप उतरली नाही. मी उतरवली. दहाच्या जागी मी तीस भरले. मुद्दाम भरले."

अक्काच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"मुद्दाम?"

"चूक केली आणि कबूल केली की आम्हाला गुण मिळतात. मला वाटलं, दुसरा तपासणारा थांबवेल. त्यानं बघितलंच नाही, त्यालाही एक चूक हवी होती. मला शंका आली होती तेव्हाच मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. गुण जातील म्हणून नाही विचारलं."

अक्काला एकेक शब्द कळत होता आणि सगळं मिळून काही कळत नव्हतं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिनं वाटी खाली ठेवली आणि संचिताच्या थोबाडीत मारली. जोर नव्हता त्यात. दुसरी मारली, तिच्यात होता. वॉर्डातल्या माना वळल्या. संचिता हलली नाही.

"परीक्षेसाठी?" अक्का ओरडली. "माझा बोलता माणूस तुमच्या परीक्षेसाठी? उठता-बसता पोरी म्हणायचा गं तुला! भडंग खात होता की रे तुम्ही माझ्या हातचं!"

"हो, अक्का."

"तिसरा दिस आज मी देवाला म्हणतीय, ह्या पोरीचं भलं कर." अक्काचा आवाज फुटला. ती धापा टाकत कॉटच्या कडेला बसली. अण्णा छताकडे बघत होते. मग तिनं एकदम मान वर केली. "आणि हे आता मला सांगतीयस, त्याचे पण गुण मिळत्यात काय तुला?"

संचितानं डावा हात पुढं केला. चार वर्षं पट्ट्याखाली राहिलेल्या कातडीचा एक पांढुरकं कडं तिथं उमटलं होतं, आणि त्यावर काही नव्हतं.

"नाही, अक्का. याचे मिळत नाहीत. होते तेही गेले."

अक्कानं ते मनगट धरलं, पट्टा जिथं असायचा बरोबर तिथंच, आणि अशी काही मूठ आवळली की संचिताला कळ आली.

"मग ऊठ," अक्का म्हणाली. "मोठ्या साहेबासमोर सांग. मग पोलिसांत सांग. माझ्यादेखत सांग, सगळं, आत्ता सांगितलंस तसं."

संचिता उठली. अक्का तिला ओढतच दाराबाहेर घेऊन निघाली. बाकड्यावर पट्टा गुरगुरत पडला होता, त्याच्याकडे दोघींनीही पाहिलं नाही. सभागृहातल्या टाळ्या तिथपर्यंत ऐकू येत होत्या. जिन्याशी अक्काचा पाय अडखळला तेव्हा संचितानं मोकळ्या हातानं तिला कमरेत धरलं, आणि अक्कानं तो हात झिडकारला, पण मनगट सोडलं नाही.